आकडा कशाचा, पीठ कुठल्या गिरणीचं?

भोपाळच्या मोठ्या तलावाकाठी कुदसिया बेगमनं १८२० मध्ये बांधलेला गौहर महल आता हस्तकलेच्या प्रदर्शनांसाठी ओळखला जातो. चंदेरी, माहेश्वरी आणि बाग छपाईचे मोठे गाळे ओलांडले की अशा प्रदर्शनांत एका कडेला छोट्या टेबलांची ओळ लागते. मातीचे, मण्यांचे, पितळेचे, रेशमी धाग्यांचे दागिने तिथं मांडलेले असतात आणि शेजारीच घरच्या ओव्हनमधून निघालेले केक, कुकीज, नाचणीची बिस्किटं. दिवाळीआधी सोसायट्यांच्या हॉलमध्ये हाच बाजार भरतो, पुण्या-नागपुरातही भरतो. टेबलामागे बहुतेक वेळा बाई असते. कधी कधी तर एकाच टेबलावर डावीकडे झुमके आणि उजवीकडे ब्राउनी असा संसार मांडलेला दिसतो. दोन्हींवर पाटी एकच, ‘हातानं बनवलेलं’. अलीकडे तिच्याखाली आणखी एक ओळ येऊ लागली आहे. दागिन्यांवर ‘अँटी-ॲलर्जिक’, खाऊवर ‘ॲलर्जी-फ्रेंडली’. वरची पाटी खरी असते. खालच्या ओळीचा अर्थ टेबलाच्या अलीकडच्या माणसाला कळत नाही आणि पलीकडच्यालाही नेमका सांगता येईल याची खात्री नसते. माझी तक्रार एवढीच आहे. कारखान्यातल्या वस्तूत काय काय आहे हे दुकानदाराला ठाऊक असण्याचं कारण नसतं. हातानं बनवलेल्या वस्तूजवळ मात्र ते ठाऊक असलेली व्यक्ती जातीनं उभी असते. तिनं ते लिहून दिलं नाही, तर या मालाचा दाम जास्त का मोजायचा, याचं अर्धं कारण नाहीसं होतं.

मातीचा एखादा झुमका हातात घेऊन पाहा. माती मळायची, आकार द्यायचा, सावलीत वाळवायचा, भाजायचा, रंगवायचा, मग बारीक काडीनं ठिपके टाकायचे. दोन-तीन दिवस सहज जातात. ही सगळी कला कानाच्या खाली लोंबते. कानाच्या भोकात जातो तो फक्त आकडा, आणि तो त्या बाईंनी बनवलेला नसतो. तो ठोक बाजारातून पाकिटानं येतो, चांदीसारखा किंवा सोन्यासारखा दिसतो, आणि पाकिटावर धातूचं नाव नसतं. म्हणजे दागिन्याचा जो भाग कातडीच्या आत जातो तोच नेमका हस्तकलेच्या बाहेरचा. स्वस्त आकड्यांत निकेल सर्रास सापडतं. ते थोडक्या पैशांत चकाकी देतं, शिवाय तांब्या-पितळेवर सोन्याचा पातळ मुलामा टिकावा म्हणून मध्ये निकेलचा थर द्यायची रीतच आहे. घामातल्या क्षारांनी निकेल थोडं थोडं विरघळतं, त्वचेत उतरतं आणि काही जणांचं शरीर त्याच्याशी कायमचं वैर धरतं. मग घड्याळाचा पट्टा, जीन्सचं बटण, चष्म्याची काडी, काहीही लागलं की खाज आणि पुरळ. मलमानं पुरळ शमतं, वैर जात नाही. आपल्याकडचे ‘एक ग्रॅम’चे दागिने या दृष्टीनं पाहावेत: भर मे महिन्यातलं लग्न, घामानं ओली मान आणि सकाळपासून रात्रीपर्यंत गळ्यात तो मुलामा. ‘जर्मन सिल्व्हर’ हे तर नावानंच फसवणारं प्रकरण आहे. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, जस्त आणि निकेल यांचा तो मिश्रधातू. काळपट ऑक्सिडाइज्ड दागिन्यांच्या ढिगात तो किती असतो हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

दागिन्यांसाठी आपल्याकडे कायदा आहे, पण त्याची नजर तिजोरीवर असते. १६ जून २०२१ पासून सोन्याचा हॉलमार्क जिल्ह्या-जिल्ह्यानं सक्तीचा होत गेला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. ९१६ चा शिक्का म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. उरलेले ८४ भाग कशाचे, यावर शिक्का गप्प राहतो. दोन ग्रॅमहून हलक्या वस्तूला ही सक्तीच नाही, आणि नाकातली चमकी किंवा बाळाच्या कानातली बाळी बहुधा तेवढीच हलकी असते. ग्राहकाला सोनं कमी मिळू नये ही चिंता योग्यच आहे. पण कातडीची चिंता त्या चौकटीत बसत नाही. युरोपात हा प्रश्न कातडीच्या बाजूनं विचारला गेला. डेन्मार्कनं १९९० पासून निकेलवर बंधन घातलं, १९९४ मध्ये युरोपीय संघानं तोच मार्ग धरला. टोचलेल्या भोकात घालायच्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल झिरपता कामा नये, अशी आजची मर्यादा आहे. धातूत निकेल किती आहे यापेक्षा बाहेर किती येतं, याकडे हा नियम पाहतो, आणि ते शहाणपणाचं आहे. ‘सर्जिकल स्टील’ म्हणून विकतात त्या पोलादातही दहा टक्क्यांहून जास्त निकेल असतं, पण ते घट्ट बांधलेलं असल्यानं फारच थोडं सुटतं. नियमाचा परिणाम मोजलाही गेला. बंधनाच्या आधी कान टोचलेल्या डॅनिश शाळकरी मुलींत निकेलची ॲलर्जी १७ टक्क्यांना आढळली होती, नंतर टोचलेल्यांत ४ टक्क्यांच्या आसपास. आपल्या मराठीत कान टोचायचं काम सोनाराकडे सोपवलं आहे, म्हणीतही आणि प्रत्यक्षातही. त्या रीतीत एक जाण होती: टोचल्यावर भोकात राहायची ती सोन्याची तार. आज टोचणारा कोणीही असतो आणि तारेचं कुळ-मूळ कोणी विचारत नाही.

आता शेजारच्या टेबलाकडे वळू. इथं प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण पुरळ उठलेला कान दिसतो, पोटातलं दिसत नाही. गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याच्या अस्तराला इजा होते, त्या आजाराचं नाव सिलिॲक. काटेकोर बोलायचं तर ती ॲलर्जी नव्हे, शरीर स्वतःवरच उलटण्याचा तो प्रकार आहे, पण खाणाऱ्याच्या दृष्टीनं नियम एकच: गहू नको म्हणजे कणभरही नको. दिल्ली परिसरात ‘एम्स’च्या डॉक्टरांनी केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा आजार आढळला. पुढच्या एका मोठ्या पाहणीत उत्तरेचं प्रमाण शेकडा एकाहून थोडं वर आणि दक्षिणेचं त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास निघालं. भोपाळ गव्हाच्या मुलखात बसतं. शेजारच्या सिहोरचा शरबती गहू एवढा नावाजलेला की २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा गावात कोणी बाई गव्हाशिवाय ब्रेड भाजत असेल, तर ती खऱ्या गरजेचं काम करते आहे, फॅशनचं नव्हे. पण मग ‘मैदा नाही’ ही पाटी लावून भागत नाही. मैदा नसला तरी कणीक असते, आणि कणीक गव्हाचीच. रवा गव्हाचा, दलिया गव्हाचा, शेवया गव्हाच्या. खमंग नमकीन कुकीमध्ये चिमूटभर हिंग पडतो, आणि आपण डबीतून वापरतो त्या बांधानी हिंगात डिंकाबरोबर बहुधा मैदाच मिसळलेला असतो. आपल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची ‘ग्लूटेन-फ्री’ची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लूटेन अशी आहे. गव्हाच्या पिठात दहा टक्क्यांच्या जवळपास ग्लूटेन धरलं, तर एक किलो मालात पाव ग्रॅम कणीक मिसळली की मर्यादा ओलांडली. पाव ग्रॅम म्हणजे पोळपाट पुसल्यावर फडक्याला लागतं तेवढं.

म्हणून प्रश्न पाककृतीच्या आधी सुरू होतो, गिरणीत. मंडला-दिंडोरीकडचे कोदो-कुटकी, घरचे तांदूळ, ज्वारी, नाचणी, काहीही नेलं तरी ते ज्या जात्यात पडतं त्यात आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो. आपले गिरणीवाले उपवासाच्या दळणासाठी वेगळा दिवस ठेवतात, नाहीतर आधी थोडं धान्य टाकून जातं साफ करून देतात. एकादशीला साबुदाण्याच्या पिठात गव्हाचा कण आलेला चालत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिंगाडा, राजगिरा, वरई (भोपाळकडे तिला मोरधन म्हणतात), साबुदाणा, रताळं: गव्हाशिवायचं सगळं फराळाचं कपाट आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. आणि एका भांड्याचा दुसऱ्याला स्पर्श होऊ न देण्याची शिस्तही आहे. सोवळ्याच्या नावाखाली ती माणसांना दूर ठेवण्यासाठी वापरली गेली, त्या वापराची लाज वाटायलाच हवी. पण वेगळा चमचा, वेगळं फडकं, आधी हे आणि मग ते, ही कृती जिच्या अंगवळणी पडली आहे त्या स्वयंपाकघराला ‘क्रॉस-कंटॅमिनेशन’ हा शब्द परका वाटू नये. जैन गिऱ्हाईक येऊन विचारतं, कांदा-लसणाची सुरी इथं लागली का, तेव्हा कोणी त्याला नखरेल म्हणत नाही, मुकाट्यानं दुसरी सुरी काढतात. श्रद्धेसाठी जी दक्षता सहज मिळते, ती प्रकृतीसाठी मागताना माणसाला ओशाळं व्हावं लागतं, हे विचित्र आहे.

‘ॲलर्जी-फ्रेंडली’ या शब्दाची मुख्य अडचण अशी की तो कोणाच्या ॲलर्जीचा मित्र आहे ते सांगत नाही. गहू काढला की जागी बदामाचं पीठ येतं. सुकामेवा न चालणाऱ्याची वाट बंद. दूध काढलं की सोयाचं किंवा काजूचं दूध येतं. ‘एगलेस’ हा तर आपला लाडका शब्द, पण तो शाकाहाराची ग्वाही देतो. हिरव्या ठिपक्याचा संबंध अंड्याच्या ॲलर्जीशी नाही. अंडं वगळलेल्या केकमध्ये बहुतेकदा दही किंवा कंडेन्स्ड मिल्क भरपूर असतं, आणि दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी तोच केक धोक्याचा. कायद्यानं निदान यादी तरी केली आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार पाकीटबंद खाद्यावर आठ गट लिहावे लागतात: ग्लूटेन असलेली धान्यं, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा आणि सोयाबीन यांचे पदार्थ, वर ठरावीक प्रमाणाबाहेरचे सल्फाइट. दाण्याचं कूट ज्या मराठी स्वयंपाकघरात उसळीपासून कोशिंबिरीपर्यंत हात लावेल तिथं पडतं, तिथं शेंगदाणा ‘नाही’ म्हणणं किती अवघड आहे हे वाचकांना सांगायला नको. तीळ मात्र या यादीत नाही. अमेरिकेनं तो १ जानेवारी २०२३ पासून आपल्या यादीत घातला, युरोपनं त्याआधीच. संक्रांतीला घरोघर तीळ वाटणाऱ्या देशानं तो यादीत घ्यावा की नाही यावर वाद होऊ शकतो. जिच्या ट्रेमध्ये कालपर्यंत तिळाची कुकी भाजली तिनं तो लिहावा, यावर होऊ नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. आमच्या आज्यांना कुठं होत्या असल्या ॲलर्ज्या? पितळेचे दागिने घातले, शेजारणीकडचं खाल्लं, काही झालं नाही. याचं अर्धं उत्तर असं की पुष्कळांना काहीतरी होत होतं, त्याला नाव नव्हतं. कायम पोट बिघडलेलं, वजन न धरणारं, फिकट पडलेलं मूल ‘अंगालाच लागत नाही’ म्हणून वाढायचं. कान चिघळला की ‘तिला खोटं सोनं सोसत नाही’ म्हणायचे. ती तंतोतंत निरीक्षणं होती. उरलेलं अर्धं उत्तर असं की बहुतेक आज्यांच्या कानात निकेलचा मुलामा नव्हता आणि ताटात आठवड्याला चार वेळा बेकरीचा माल नव्हता. जग बदललं तसे त्रास बदलले. ढोंगी ॲलर्ज्या असतातच, ‘ग्लूटेन सोडलं की वजन उतरतं’ म्हणणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यामुळे खऱ्या रुग्णाचं बोलणं कोणी मनावर घेत नाही. पण समोरचा खरा की हौशी, हे टेबलामागच्या बाईंनी ओळखावं अशी अपेक्षाच चुकीची आहे. वस्तूसोबत घटकांची चिठ्ठी लिहिलेली असली तर तो निवाडा त्यांना करावा लागत नाही. आपल्या पाहुणचारातलं सगळ्यात धोक्याचं वाक्य ‘एवढंसं खाऊन बघा, काही होत नाही’ हे आहे. शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तीव्र ॲलर्जीत एवढंसं पुरतं, आणि ॲड्रेनालिनचं इंजेक्शन वेळेत मिळालं नाही तर घसा सुजून जीव जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मला सहज उडवून लावता येत नाही. घरातून, सवडीच्या तासांत, चार पैसे मिळवणाऱ्या बायकांवर तुम्ही कागदपत्रांचं ओझं टाकता; मोठ्या कंपन्यांना वकील असतात, यांना कोण आहे? शिवाय नियम उलटतातही. अमेरिकेत तीळ यादीत आला तेव्हा काही बेकऱ्यांनी यंत्रं आणि ट्रे तिळापासून वेगळे ठेवायच्या खटाटोपाऐवजी पावात मुद्दाम थोडं तिळाचं पीठ घातलं आणि ‘तीळ आहे’ असं छापून मोकळ्या झाल्या. ज्यांच्यासाठी नियम केला त्यांचाच पाव हिरावला गेला. हे खरं आहे, आणि म्हणूनच मी इन्स्पेक्टर वाढवा असं म्हणत नाही. घरगुती खाद्यव्यवसायाला अन्न प्राधिकरणाची नोंदणी आणि तिचा १४ अंकी क्रमांक आजही लागतोच, तेवढं पुरे. पण अमेरिकेच्या गोष्टीतून मी वेगळा अर्थ काढतो. तो पळवाटेचा खेळ कारखाना खेळू शकला, कारण त्याला गिऱ्हाईक दिसत नव्हतं. गौहर महलमधल्या टेबलावर गिऱ्हाईक दीड हातावर उभं असतं. शिवाय हातानं बनवलेल्या मालाला सूट द्यावी हा विचार करून पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये दुकानातच ताज्या बनवून बांधलेल्या खाद्याला सविस्तर लेबलाची सक्ती नव्हती. समोरच बनतंय, हवं तर विचारून घ्या, असा त्यामागचा विश्वास. २०१६ मध्ये नताशा एडनन-लापरूज ही १५ वर्षांची मुलगी असाच एक पाव खाऊन विमानात कोसळली आणि गेली. तीळ पिठातच मळलेले होते, त्यामुळे वरून दिसत नव्हते. १ ऑक्टोबर २०२१ पासून ती सूट संपली, आणि त्या नियमाला तिचंच नाव पडलं. दुकानात विचारायला माणसं होती. पाकिटावर तिळाचा एक शब्द नव्हता.

आणखी एक कुरकुर ऐकू येते ती गुपिताची. पाककृती फोडली तर उद्या शेजारीण तोच केक विकेल. पण घटक लिहायचे म्हणजे प्रमाण लिहायचं नसतं. कोणत्या पुरणपोळीत काय असतं हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे, तरी सगळ्यांच्या पोळ्या सारख्या होत नाहीत. दागिन्यांतही नक्षीचं गुपित राहतंच. आकडा चांदीचा आहे एवढं सांगितल्यानं ते उघडं पडत नाही. भोपाळमध्ये हे लिहिताना एका गोष्टीचं भान सुटत नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या वायुगळतीच्या त्या रात्री हमीदिया रुग्णालयातल्या डॉक्टरांना आपण कोणत्या विषाशी झगडतो आहोत हे ठाऊक नव्हतं. केक-झुमक्यांची त्या रात्रीशी तुलना करणं असभ्यपणाचं होईल, आणि मी ती करत नाही. इतकंच म्हणतो की ‘यात काय आहे?’ हा प्रश्न विचारताना या शहरातल्या माणसाला तरी संकोच वाटायचं कारण नाही.

मग चिठ्ठीत काय असावं? दागिन्यासोबत: कातडीला लागणारा प्रत्येक भाग कशाचा, मुलाम्याखाली काय. आकडे ९२५ चांदीचे किंवा टायटॅनियमचे लावले तर किंमत थोडी वाढेल, ती वाढू द्या. पाकिटातल्या आकड्यांची शंका असेल तर डायमिथाइलग्लायॉक्सिमची सोपी चाचणी आहे. कापसाच्या बोळ्यावर त्याचे आणि अमोनियाचे थेंब घेऊन आकडा अर्धं मिनिट चोळायचा, बोळा गुलाबी झाला की निकेल सुटतंय. बैतूलच्या भरेवा कारागिरांसारखे ओतकाम करणारे मोडीतलं पितळ वितळवत असतील आणि त्यात काय मिसळलंय हे त्यांना ठाऊक नसेल, तर ‘भंगारातलं पितळ, मिश्रण माहीत नाही’ असं लिहावं. तेही माहितीच आहे. घेणारा ते गळ्याऐवजी भिंतीवर लावायला घेईल. खाऊसोबत: काय काय घातलं, आणि त्याच ओव्हनमध्ये, त्याच मिक्सरमध्ये एरवी काय काय जातं. ‘माझ्या घरात गव्हाच्या पोळ्या होतात, म्हणून सिलिॲकच्या रुग्णांनी हे घेऊ नये’ असं लिहिणारी बाई चार गिऱ्हाइकं गमावेल, पण तिच्या ‘शेंगदाणा नाही’ या शब्दाला वजन येईल. यात बनवणाऱ्यांचंही हित आहे. पिठाच्या धुळीनं बेकरीवाल्यांना जडणारा दमा रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं १७०० सालीच नोंदवून ठेवला होता, आणि सोनं जोडायच्या ‘केडीएम’ डाकातल्या कॅडमियमचा धूर पहिल्यांदा कारागिराच्याच छातीत गेला. काय हाताळतो हे लिहायची सवय लागली की ते आधी स्वतःला कळतं. प्रदर्शनांचे आयोजक टेबलाचं भाडं घेतात, मांडवाचा रंग ठरवतात, फलकाची लांबी-रुंदी सांगतात. अर्जात या चिठ्ठीची एक अट घालणं त्यांना जड जाऊ नये. दोन वर्षं दिवाळीच्या बाजारात ती पाळली गेली, तर पुढं कोणाला सांगावं लागणार नाही.

अर्थात लिहून देण्याचं अर्धं काम विकत घेणाऱ्याचं आहे. हातच्या कामाचं आपण तोंडभर कौतुक करतो आणि लगेच घासाघीस सुरू करतो. दीडशेचा झुमका शंभराला मागितला की पहिली काटछाट आकड्यातच होते, कारण ती दिसत नाही. केकचंही तेच. बदाम महाग म्हणून काजूची कणी, वेगळा ट्रे परवडत नाही म्हणून कालचाच. स्वस्ताईची ही किंमत कोणाच्या तरी कानाला आणि कोणाच्या तरी आतड्याला पडते. तेव्हा यंदाच्या दिवाळीच्या बाजारात टेबलाशी उभे राहाल तेव्हा दोनच प्रश्न विचारा: आकडा कशाचा आहे, आणि पीठ कुठल्या गिरणीचं? समोरून नीट उत्तर आलं, तर सांगतील ती किंमत द्या.